दिवस उलटल्यावरचे नऊ दिवस

माझी तारीख होती 12 जुलै. शेवटची पाळी 5 ऑक्टोबरची. त्यात नऊ महिने सात दिवस मिळवले की 12 जुलै येते. आठव्या आठवड्यातल्या सोनोग्राफीतही दोनच दिवसांचा फरक निघाला होता, त्यामुळे तारखेबद्दल शंका नव्हती. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं म्हणून डोहाळजेवण इस्लामपूरला उरकून मी कोल्हापूरला आईकडे आले होते. जुलैतला कोल्हापूरचा पाऊस काय असतो ते इथल्यांना सांगायला नको. बाबा रोज सकाळी पेपर उघडला की आधी राजाराम बंधाऱ्याजवळची पंचगंगेची पातळी मोठ्यानं वाचायचे. 39 फुटांवर इशारा, 43 वर धोका. 2019 च्या ऑगस्टमध्ये शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली गेला होता आणि कित्येक दिवस वाहतूक बंद होती. ते आठवून माझा नवरा आठवडाभर आधीच रजा टाकून येऊन राहिला होता.

12 तारीख आली आणि गेली. पोट खाली उतरलेलं, पाय सुजलेले, पण कळ म्हणून नाही. सासूबाईंचा सकाळ-संध्याकाळ फोन. मावशी, आत्या, शाळेतल्या बाई, सगळ्यांचं एकच, "झालं का गं?" पाचव्या-सहाव्या फोननंतर मी फोन आईकडे द्यायला लागले. बाळ वेळेवर न येणं ही जणू माझी काहीतरी कसूर आहे असं त्या दिवसांत मला खरोखर वाटायला लागलं होतं.

तशी मी तयारी करून होते. मी हायस्कूलला विज्ञान शिकवते, त्यामुळे कुणी काही सांगितलं की त्याच्या मागे काय आहे ते शोधून वाचायची सवय. खजूर मी छत्तिसाव्या आठवड्यापासून खात होते, रोज सहा. जॉर्डनमधला एक अभ्यास 2011 साली प्रसिद्ध झालाय. त्यात शेवटचे चार आठवडे रोज सहा खजूर खाणाऱ्या 69 बायका होत्या आणि न खाणाऱ्या 45. खाणाऱ्यांपैकी 96 टक्के जणींना आपणहून कळा आल्या, न खाणाऱ्यांत 79 टक्के. आकडे बघून मी खूश झाले होते. पण कुणी खायचा आणि कुणी नाही हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं नव्हतं, त्यामुळे फरक खजुराचाच असं छातीठोक म्हणता येत नाही. डॉक्टर मॅडमना विचारलं तर म्हणाल्या, "साखर नॉर्मल आहे तुझी. आवडतो तर खा. पोटही साफ राहील." तेवढ्यावर तो विषय संपला. खजूर मला आजही आवडतो.

सदतिसाव्या आठवड्यात आईच्या ओळखीच्या वैद्यबाईंकडे गेले. त्यांची एक गोष्ट मला फार पटली. त्यांनी पहिल्यांदा माझी फाईल मागून घेतली, वार (प्लासेंटा) कुठे आहे ते सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये बघितलं आणि माझ्या डॉक्टरांशी फोनवर बोलल्या. मगच म्हणाल्या, करूया. वार खाली असती तर त्यांनी हातही लावला नसता. चरकसंहितेच्या शारीरस्थान या भागात गर्भिणीची महिन्यावार परिचर्या दिली आहे. त्यात नवव्या महिन्यात मधुर औषधांनी सिद्ध केलेल्या तेलाची बस्ती आणि त्याच तेलाचा पिचू सांगितलाय. पिचू म्हणजे गॉजमध्ये गुंडाळलेला कापसाचा बोळा. त्याला लांब दोरा बांधलेला असतो. तेल वाटीत घेऊन ती वाटी गरम पाण्यात ठेवायची. कोमट झालं की हातमोजे घालून वैद्यबाई तो बोळा बुडवून आत ठेवायच्या आणि दोरा बाहेर. लघवीला लागलं की काढून टाकायचा. पहिल्या वेळी मी अंग आखडून घेतलं होतं, तर त्या कपाळावर हात ठेवून नुसत्या थांबून राहिल्या. पाठ, कंबर, मांड्यांना तिळाच्या तेलाचा अभ्यंगही असायचा. त्यानं कळा येतात की नाही मला माहीत नाही. पण त्या तीन आठवड्यांत मला रात्रीची झोप फक्त तेल लावलेल्या दिवशीच लागायची, हे खरं आहे. पाणी जातंय असा नुसता संशय आला तरी पिचू बंद आणि थेट दवाखाना, हे त्यांनी मला दोनदा बजावून सांगितलं होतं.

चालायला मी रंकाळा तलावावर जायची. पाऊस उघडला की नवरा छत्री घेऊन बरोबर. आजीला ते चालणं पुरेसं वाटायचं नाही. ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची, माझ्या आईची आई. तिच्या वेळी दिवस भरलेल्या बाईला जात्यावर बसवायचे, उखळाशी उभं करायचे. "अंग मोडल्याबिगर बाळ सुटत न्हाई," असं तिचं म्हणणं. मी हे वैद्यबाईंना सांगितलं तर त्या हसल्या आणि म्हणाल्या की हा वाद चरकाच्या काळातही होता. कळा सुरू झालेल्या बाईच्या हातात मुसळ देऊन कांडायला लावा असं काही जण म्हणत, आणि संहितेतले गुरू आत्रेय यांनी त्याला स्पष्ट नाही म्हटलंय. गर्भिणीनं कष्टाचा व्यायाम टाळायचा, आणि प्रसूतीच्या वेळी तर विशेष करून. त्याऐवजी काय करायचं? जांभया द्यायच्या आणि येरझाऱ्या घालायच्या. मी घरी येऊन आजीला हे सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आमाला कुणी सांगितलं न्हाई."

अ‍ॅक्युप्रेशर मला शिकवलं माझ्या मावसबहिणीनं, व्हिडिओ कॉलवर. ती इंग्लंडमध्ये असते. तिचेही दिवस उलटले होते तेव्हा तिनं रास्पबेरीच्या पानांचा चहा प्यायला होता आणि अ‍ॅक्युपंक्चरच्या सुया लावून घेतल्या होत्या. घोट्याच्या आतल्या हाडापासून वर चार बोटं मोजायची, नडगीच्या मागच्या कडेला अंगठा टेकवायचा आणि दाबून धरायचं. दुसरा बिंदू अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या बेचक्यात. नवरा रोज संध्याकाळी मोबाईलवर वेळ लावून बसायचा. त्याचा अंगठा दुखायचा, माझा पाय दुखायचा, आणि पोटात बाळ निवांत फिरत असायचं. कॉक्रेन ही वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणारी संस्था. तिच्या 2017 सालच्या आढाव्यात या विषयावरचे 22 अभ्यास एकत्र केलेत. सुयांनी गर्भपिशवीचं तोंड थोडं मऊ होत असावं अशा काही खुणा मिळाल्या. पण सिझर कमी झाल्याचं दिसलं नाही, सुयांनीही नाही आणि दाबण्यानंही नाही. हे वाचूनही मी दाबून घ्यायचं सोडलं नाही. दिवसातली ती वीस मिनिटं आम्ही दोघंच असायचो.

आता एरंडेलाचं सांगते. त्याच्यासाठीच हे लिहायला बसले आहे.

16 जुलै. तारखेवर चार दिवस झालेले. दुपारी शेजारच्या काकू बाटली घेऊन आल्या. त्यांच्या दोन्ही सुनांना एरंडेलानंच कळा आल्या होत्या, असं त्यांनी सांगितलं. आजी तर आठवडाभर त्याच मागे होती. "दुदातनं घे, आलं घाल, पोट सुटलं की वेणा लागत्यात." आई गप्प होती. आईला ते मनातून पटत नव्हतं, पण स्वतःच्या आईपुढे ती बोलत नाही. नवरा म्हणाला मॅडमना फोन कर. मी केला नाही. खरं कारण सांगायचं तर त्या नको म्हणतील हे मला माहीत होतं, आणि मला नको ऐकायचं नव्हतं. मी इतकी थकले होते.

रात्री नऊ वाजता आईनं पितळी भांड्यात दूध तापवलं, आलं किसून घातलं, आणि मी दोन मोठे चमचे तेल त्यात ढवळलं. ते मिसळत नाही. वर पिवळट तवंग येतो, ओठांना चिकटतो. नाक दाबून प्यायले. वरून गुळाचा खडा.

साडेअकराला पोटात मुरडा आला. मग पहाटेपर्यंत मी संडासातच होते. सात वेळा मोजलं, नंतर मोजायचं सोडलं. दोनदा उलटी झाली. मध्येच पोट दगडासारखं कडक व्हायचं, आणि मला वाटायचं आल्या कळा, पण त्यांना ना लय ना क्रम. कधी तीन मिनिटांनी, कधी वीस मिनिटांनी. मुरडा कुठला आणि कळ कुठली हे मला कळेना. साडेतीनच्या सुमाराला भिंतीला टेकून बसले असताना एकदम ध्यानात आलं की बाळ फिरलेलं मला बऱ्याच वेळात जाणवलं नव्हतं. किती वेळात, ते आठवेना. डाव्या कुशीवर पडले. पाणी प्यायले. पोटावर हात ठेवून वाट बघितली. त्या दहा मिनिटांबद्दल मला जास्त लिहिता येणार नाही.

पावसात रिक्षा मिळेना, शेजारच्या काकांनीच गाडी काढली. लेबर रूममधल्या सिस्टरनं पोटाला पट्टे बांधले, एनएसटी लावली, म्हणजे बाळाचे ठोके कागदावर उतरवणारी तपासणी. आधी नुसती खरखर, आणि मग ठोके. 148. माझ्या हातापायातली ताकदच गेली. सलाईन लावलं. अर्ध्या बाटलीनंतर बाळ हललं, आणि कागदावरची रेघ वर चढली. वीस मिनिटांत ठोके दोनदा तरी पंधरानं वर जाऊन पंधरा सेकंद टिकले की बाळ बरं आहे असं धरतात, हे मला मॅडमनी नंतर समजावलं. सोनोग्राफीत पाणीही ठीक निघालं. सकाळी आठपर्यंत पोटाचं कडक होणं पूर्ण थांबलं. पिशवीचं तोंड होतं तसंच, जेमतेम एक बोट.

मॅडम रागावल्या नाहीत. खुर्ची ओढून बसल्या आणि विचारलं, "किती घेतलंस? कधी घेतलंस?" मग म्हणाल्या, "हे मला रात्री नऊला सांगितलं असतंस तर मी नको म्हटलं असतं. पण तरीही घेतलंस तर कशाकडे लक्ष ठेवायचं ते सांगितलं असतं." ते वाक्य मला लागलं आणि लागायलाच हवं होतं.

एरंडेल हा निव्वळ भ्रम नाही, म्हणून तर त्याची धास्ती जास्त. त्यात रिसिनोलेइक आम्ल असतं. ते आतड्याच्या स्नायूंवरच्या एका ग्राहीला (रिसेप्टरला) चिकटतं आणि गर्भाशयाच्या स्नायूंवरही तीच ग्राही असते, हे 2012 साली जर्मनीतल्या संशोधकांनी उंदरांवर दाखवलं. म्हणजे आजीचं 'पोट सुटलं की वेणा लागतात' हे अगदीच हवेतलं नव्हतं. पण कुणाला किती लागू पडेल याचा नेम नाही, आणि जुलाबांनी अंगातलं पाणी जातं ते वेगळंच. कॉक्रेनच्या 2013 च्या आढाव्यात या विषयावरचे तीनच अभ्यास सापडले, सगळ्या मिळून 233 बायका. कळा येतात असं ठरवण्याइतका पुरावा मिळाला नाही. तेल घेतलेल्या सगळ्या जणींना मळमळ मात्र झाली होती.

दुपारी घरी आले. आजी पलंगाच्या पायथ्याशी बसून माझे तळवे चोळत होती. मी डोळे मिटून पडले होते, तिला वाटलं असेल झोपले. ती आईला सांगत होती, आणि मला वाटतं आईनंही ते पहिल्यांदाच ऐकलं. आजीचं पहिलं मूल माझ्या मामाच्या आधीचं. श्रावण होता, करवीर तालुक्यातलं गाव, ओढ्याला पाणी. दिवस उलटून गेले होते. सुईण म्हणायची थांबा, फळ पिकलं की पडतंय. "आन एक दिस त्ये फिरायचं थांबलं. मी सासूला सांगितलं. ती म्हनाली निजलं असंल." दोन दिवसांनी कळा आल्या. मुलगा होता. आजीला तो दाखवला नाही.

त्या आठवडाभर आजी माझ्यामागे एरंडेलाचा धोशा का लावत होती ते मला तेव्हा समजलं. मला ती जुन्या समजुतीची हट्टी बाई वाटत होती. ती घाबरलेली होती. आणि तिची भीती चुकीची नव्हती. दिवस उलटले की वार थकत जाते, पाणी कमी होऊ शकतं, बाळ आत शी करू शकतं. चरकानंही प्रसूतीचा काळ दहाव्या महिन्यापर्यंत सांगून, त्यापुढे गर्भ पोटात राहणं हे वैकारिक म्हटलंय. वाट बघायला हद्द असते, हे आजीला कुणी न शिकवता कळलं होतं. तिच्याकडे त्या भीतीवर तेलाच्या बाटलीपलीकडे दुसरं काही नव्हतं.

त्या दिवसापासून मी तिलाच कामाला लावलं. जेवण झालं की मी डाव्या कुशीवर पडायचे आणि बाळ फिरलं की "हं" म्हणायचे. आजी समोर वाटीत शेंगदाणे घेऊन बसायची. एका "हं"ला एक शेंगदाणा दुसऱ्या वाटीत. दोन तासांत दहा झाले पाहिजेत. बहुतेक वेळा पाऊण तासातच होत. दहावा पडला की आजी मोठ्यानं "धा!" म्हणायची आणि बाबा पेपरातून मान वर करायचे.

18 तारखेला मॅडमनी पुढचं सगळं समोर बसवून सांगितलं. 41 आठवडे पुरे झाल्याची खात्री असेल तर कळा सुरू करून द्याव्यात, असंच जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. स्वीडनमधल्या 14 रुग्णालयांत 2760 बायकांचा अभ्यास झाला, 2019 साली प्रसिद्ध झालेला. एका गटाला 41 पुरे झाले की कळा दिल्या, दुसऱ्या गटानं 42 पर्यंत वाट बघितली. वाट बघणाऱ्या गटात सहा बाळं गेली, पहिल्यात एकही नाही, आणि तो अभ्यास मध्येच थांबवला गेला. नवऱ्यानं विचारलं, मग आत्ताच का नाही? मॅडम म्हणाल्या, "तोंड कच्चं आहे. बाळ छान आहे. घाईनं मिळणार काही नाही. मी आज स्वीप करते, दोन दिवस बघू." स्वीप म्हणजे आतून तपासताना पाणमोट पिशवीच्या भिंतीपासून बोटानं हलकेच सोडवायची. त्यानं शरीरातलीच प्रोस्टाग्लँडिन नावाची, कळा आणणारी द्रव्यं सुटतात. दुखलं. मिनिटभर खूप दुखलं, मी सिस्टरचा हात चिरडला. दुसऱ्या दिवशी रक्ताळ चिकट डाग गेला, कंबर भरून आली, पण कळा लागल्या नाहीत.

20 जुलैला नदीनं इशारा पातळी ओलांडली. सकाळच्या एनएसटीत बाळ ठीक होतं, पण बाळाभोवतीचं पाणी आठवड्यापूर्वीपेक्षा कमी. मॅडम म्हणाल्या, आता भरती हो. आई देवापुढे दिवा लावून आली. मी वैद्यबाईंना फोन केला, तर त्या म्हणाल्या, "योग्य करताय. आता तेल-बिल काही नको. फक्त बसून राहू नका, चाला."

संध्याकाळी सहाला पिशवीचं तोंड मऊ करणारं, फ्रीजमधून काढलेलं जेल आत ठेवलं, रात्री बाराला दुसरं. दोनच्या पुढे कळा लागल्या, आणि या कळांना लय होती. चार मिनिटं. चार मिनिटं. मी दवाखान्याच्या व्हरांड्यात येरझाऱ्या घातल्या, बाहेर पत्र्यावर पाऊस. कळ आली की खिडकीच्या गजाला धरून वाकायचे आणि नवरा माकडहाडावर दोन्ही तळहात दाबून धरायचा, आई कोमट तेलाचा हात कमरेवरून फिरवायची. कळा आणण्यासाठी तीन आठवडे जे जे केलं होतं त्यातलं बरंचसं कळा सोसण्यासाठी उपयोगी पडलं. सकाळी चार बोटं तोंड उघडल्यावर पाणमोट फोडली. पाणी हलकं हिरवट. सिस्टरनं मॅडमकडे बघितलं, मॅडमनी मॉनिटरकडे. ठोके चांगले होते. कळांचं सलाईन सुरू झालं आणि पुढचे सात तास मला तुकड्यातुकड्यांनीच आठवतात.

दुपारी तीन चाळीसला मुलगी झाली. तीन किलो दोनशे ग्रॅम. बालरोगतज्ज्ञ शेजारी उभेच होते. ती लगेच रडली.

दिवस उलटून आलेलं बाळ वेगळं दिसतं. अंगावर पांढरा लेप जवळजवळ नव्हता, हातापायांची कातडी कोरडी, घोट्यांपाशी सोलवटलेली. नखं बोटांच्या पुढे आलेली, आणि पहिल्या तासातच तिनं स्वतःच्या गालावर एक बारीक ओरखडा काढला. संध्याकाळी आजीला आत सोडलं. तिनं हात दोनदा धुतले, बाळाला मांडीवर घेतलं, दुपटं उलगडलं आणि एकेक बोट सोडवून बघायला लागली. दहा झाली तरी ती परत पहिल्या बोटापासून मोजत राहिली. सिस्टर झबल्याबरोबर हातमोजे घेऊन आली, तर आजी म्हणाली, "थांब बाई जरा. मला बघू दे."